दादांच्या फाईलमधले शेवटचे ३८ दिवस

रानजाई | १२ जून, रात्री १०.४०

रिटर्न भरायचं म्हणून सीएने दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, औषधपाण्याची बिलं मागितली. ते गेल्यावर चार महिन्यांनी त्यांची फाईल माळ्यावरून खाली काढली. फाईल कसली, तीन पिशव्या आहेत. दोन रविवार सतरंजीवर पसरून बसले आणि सगळे कागद तारखेप्रमाणे लावले. लावता लावता जे दिसलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

दादा ७६ वर्षांचे. कराडजवळ आमचं गाव, तीस वर्षं गुऱ्हाळ चालवलं. फुप्फुसाचा कॅन्सर, कळला तेव्हाच मणक्यापर्यंत गेलेला. कळल्यापासून जाईपर्यंत १४ महिने मिळाले. त्यातल्या पहिल्या पावणेतेरा महिन्यांत केमो, स्कॅन, जाणं-येणं धरून ५ लाख ३० हजार लागले. शेवटच्या ३८ दिवसांत ६ लाख ७० हजार. त्यातले ४ लाख २० हजार एकट्या आयसीयूच्या ११ दिवसांचे. पॉलिसी ३ लाखांची होती, ती केमोतच संपली. बाकी आईच्या पाटल्या, भावाचा पीएफ आणि ओढ्याकडचं वीस गुंठे.

पैसे गेले म्हणून लिहीत नाही. आयसीयूचं बिल २३ पानांचं आहे. प्रत्येक गोष्टीला ओळ आहे. हातमोजे, सिरिंज पंपाचं दिवसाचं भाडं, रोज सकाळी एक्स-रे, दिवसातून तीनदा रक्त. मी पेन घेऊन एकच ओळ शोधत होते, दुखणं थांबवायच्या औषधाची. पॅरासिटामॉलचं सलाईन सापडलं. ट्रामाडॉल सापडलं, पहिल्या दोन दिवसांचं. त्यापुढे काही नाही. मणक्याच्या दुखण्याने माणूस कुशीवर वळता वळत नव्हता आणि तेवीस पानांत त्याच्यासाठी दोन ओळी.

मास्क ओढून काढतात म्हणून त्यांचे हात कठड्याला पट्टीने बांधले होते. मला दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं आत सोडायचे. मास्क जरा बाजूला केला की म्हणायचे, "काकवी आण गं बोटभर." पलंगावर 'तोंडाने काही देऊ नये' अशी पाटी. मी छोट्या बाटलीतून नेली होती, ती पर्समध्येच राहिली.

आणि हे सगळं करायचं की नाही, हे दादांना कुणी विचारलं नाही. डॉक्टरांनी नाही, आम्हीही नाही. आजाराचं नावसुद्धा आम्ही 'छातीत पाणी झालंय' एवढंच सांगितलं होतं.

हॉस्पिटलचं नाव कृपया विचारू नका. ज्यांच्या घरी असं झालंय किंवा सध्या चालू आहे, त्यांनी लिहा.

---

परभणीकर | १२ जून, रात्री ११.२५

ताई, वाचून गलबलून आलं. पण एक सांगतो, राग मानू नका. बापाच्या आजारपणाचा असा हिशोब मांडणं मला पटत नाही. आमच्या वडिलांना आम्ही पैसे संपले म्हणून घरी आणलं. नऊ दिवसांत गेले. आज सात वर्षं झाली, चुलते अजून भावकीत म्हणतात की पोरांनी हात आखडता घेतला. तुम्ही शेवटपर्यंत केलं, तेवढं समाधान तुमच्याकडे आहे. आमच्याकडे तेही नाही.

---

रानजाई | १२ जून, रात्री ११.५०

राग कशाला येईल. पण दादा, समाधान असतं तर मी रात्री बारा वाजता बिलाची पानं मोजत बसले नसते. तुमचे वडील त्या नऊ दिवसांत काय बोलले, काही खाल्लं का?

---

परभणीकर | १३ जून, सकाळी ६.१०

बोलले की. सगळ्या नातवंडांना जवळ घेतलं. कोणाचं किती देणं आहे ते लिहून घेतलं माझ्याकडून. शेवटच्या दिवसापर्यंत सकाळचा चहा बशीतून घेतला. दुखायचं मात्र फार. रात्री ओरडायचे. गावात गोळीशिवाय काही मिळत नव्हतं.

हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

---

नाईट_ड्युटी | १३ जून, सकाळी ८.३०

मी अकरा वर्षं आयसीयूत सिस्टर आहे. रानजाईताईंच्या दादांसारखे पेशंट महिन्यातून पाच-सहा तरी येतात. वय पंचाहत्तरीच्या पुढे, आजार सगळीकडे पसरलेला, श्वास लागला म्हणून रात्री दोनला कॅज्युअल्टीत आणलेले. त्या वेळी ड्युटीवरच्या डॉक्टरला पेशंटचं काहीच माहीत नसतं. समोर श्वास लागलेला माणूस आणि बाहेर 'काहीही करा पण वाचवा' म्हणणारी माणसं. तो मास्क लावणार, ट्यूब टाकणार, आयसीयूत घेणार. त्याची चूक मी म्हणणार नाही. चूक आधीच्या सहा महिन्यांतली असते. तेव्हा ओपीडीत बसून बोलायला वेळ होता आणि कुणी विषय काढला नाही.

अशा पेशंटचं हृदय थांबलं की आम्ही छाती दाबतो. हाताखाली बरगडी मोडलेली कळते. नातेवाईक काचेबाहेर असतात, त्यांना दिसत नाही. मी घरी आल्यावर गरम पाण्यात हात धरून बसते.

काकवीबद्दल सांगते. बोटाला लावून ओठांवरून, जिभेच्या टोकावरून फिरवायला बहुतेक वेळा हरकत नसते. सिस्टरला विचारा. आम्ही पाटीकडे बघून नाही म्हणतो, कारण आम्हालाही कुणी सांगितलेलं नसतं की या माणसाला आता चवीपुरतंच द्यायचं आहे.

---

भूलतज्ज्ञ | १३ जून, दुपारी ३.१५

जिल्ह्याच्या ठिकाणी भूलतज्ज्ञ आहे. गेली काही वर्षं आठवड्यातून दोन दिवस वेदनाशमनाची ओपीडी चालवतो. थोडं सविस्तर लिहितो.

पहिलं, रानजाईताईंनी बिलात जी ओळ शोधली ती का सापडली नाही. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर मॉर्फिन, म्हणजे अफूपासून होणारं तीव्र दुखण्यावरचं औषध, ठेवायचं तर एकापेक्षा जास्त परवाने लागायचे, प्रत्येक राज्याचे नियम निराळे, कागदात चूक झाली तर थेट फौजदारी. दुकानदारांनी आणि हॉस्पिटलांनी ते ठेवणंच सोडलं. डॉक्टरांच्या दोन पिढ्या मॉर्फिनची गोळी हातात न घेता शिकल्या. आपल्याच देशात मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात अफूची कायदेशीर शेती होते, त्यातून औषध बाहेर जातं, आणि परभणीकरांच्या वडिलांना रात्री ओरडावं लागतं. २०१४ साली कायदा बदलला. आता मान्यताप्राप्त संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाचा एकच परवाना पुरतो. कायदा सुटला, पण हात अजून सुटलेले नाहीत.

तोंडाने घ्यायची मॉर्फिनची गोळी ही महाग वस्तू नाही. काही रुपयांत मिळते, धर्मादाय केंद्रांत बऱ्याचदा फुकट. कॅन्सरच्या दुखण्यासाठी नीट मोजून, वेळेवर दिली तर सहसा व्यसन लागत नाही आणि मरण लवकर येत नाही. बद्धकोष्ठ मात्र हमखास होतो, म्हणून रेचक पहिल्या दिवसापासून द्यायचं. मणक्यात पसरलेल्या आजाराला बऱ्याचदा रेडिएशनचा एकच मोठा डोस देतात. दहा खेपा घालण्याइतकाच दुखण्याला उतार पडतो. काहींना पुन्हा द्यावा लागतो, पण म्हाताऱ्या माणसाला दहा वेळा गाडीत घालण्यापेक्षा बरं.

दुसरं, खर्चाचं. परदेशात कॅन्सर रुग्णांचे शेवटचे दिवस कसे गेले हे तपासताना काही ठरावीक गोष्टी मोजतात. शेवटच्या १४ दिवसांत केमो दिली का, शेवटच्या महिन्यात एकापेक्षा जास्त वेळा इमर्जन्सीत आणावं लागलं का, शेवटच्या महिन्यात आयसीयूत होते का. हे आकडे जास्त असले तर ती उपचारांतली उणीव धरतात. आपल्याकडे याच तीन गोष्टींना 'पोरांनी सगळं केलं' म्हणतात. परभणीकर, तुमच्या चुलत्यांना हे सांगा.

आणि 'पॅलिएटिव्ह (म्हणजे त्रास कमी करायचे उपचार) म्हणजे सोडून देणं' हा समज. २०१० साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधला अभ्यास प्रसिद्ध झाला. फुप्फुसाचा पसरलेला कॅन्सर असलेले १५१ रुग्ण, म्हणजे रानजाईताईंच्या दादांसारखेच. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याच्या जोडीला सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह टीम. दुसऱ्या गटाला शेवटी-शेवटी कमी भडिमार झाला, मन जास्त शांत राहिलं, आणि ते जगलेही जास्त. मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मे रुग्ण जिथवर जगले ते, ११.६ महिने विरुद्ध ८.९ महिने. कमी टोचून जास्त जगले.

---

हडसनकाठ | १३ जून, रात्री ९.०५ (न्यू जर्सी)

इथे मेडिकेअरमध्ये, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्यात, १९८३पासून हॉस्पिसची, म्हणजे शेवटच्या काळात त्रास कमी करून सांभाळायची, सोय आहे. सहा महिन्यांपेक्षा जास्त आयुष्य दिसत नाही असं दोन डॉक्टरांनी लिहून दिलं, आणि त्या आजारावरचे बरे करायचे उपचार थांबवायला पेशंट तयार असला, की घरी नर्स येते, पलंग येतो, ऑक्सिजन येतो, दुखण्याची औषधं येतात. मन बदललं तर बाहेर पडता येतं. एवढं असूनही लोक फार उशिरा येतात. निम्मी माणसं तर तीन आठवड्यांच्या आतच जातात.

इथल्या डॉक्टरांच्या बोलण्यात 'कॅलिफोर्नियाची लेक' असा शब्द आहे. दूर राहणारं मूल शेवटच्या आठवड्यात विमानाने येतं आणि घरच्यांनी समजून-उमजून घेतलेला निर्णय मोडून 'सगळं करा' म्हणतं. माझ्या आईच्या वेळी ती लेक मी होते. ठाण्याला उतरले तेव्हा बहिणीने आणि आईने घरीच राहायचं ठरवलं होतं. मी सामान ठेवायच्या आधी अँब्युलन्स बोलावली. आई व्हेंटिलेटरवर सहा दिवस होती. बहिणीने एका शब्दाने मला कधी ऐकवलं नाही.

परदेशात असलेल्या भावंडांनो, दर रविवारच्या फोनवर 'आईचं कसं आहे' एवढंच विचारू नका. जी भावंडं करतायत त्यांना विचारा की आई काय म्हणते, आणि त्यांनी सांगितलेलं ऐका.

---

सोलापूरची_चादर | १४ जून, सकाळी १०.००

सगळं पटतंय, पण दुसरी बाजूही यायला हवी. आमच्या आजीला ८१व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर निघाला. पहिल्या डॉक्टरांनी तिच्याकडे न बघता वडिलांना सांगितलं, "वय झालंय, काय करायचंय आता." आजी तेव्हा रोज दोन जिने चढून वाळवण घालत होती. दुसरीकडे नेलं, ऑपरेशन झालं, रोजची गोळी सुरू झाली. आज ८६ आहे.

जन्मसाल बघून ठरवू नका. टाटामध्ये ज्येष्ठ कर्करुग्णांसाठी वेगळी ओपीडी आहे. तिथे चालणं, खाणं, स्मरणशक्ती, घरात बघायला कोण आहे, बाकीची औषधं किती, हे सगळं तपासून मग उपचार किती झेपतील ते ठरवतात. 'खर्च कशाला' हे वाक्य म्हाताऱ्या बायकांच्या बाबतीत फार लवकर तोंडात येतं, हे मी आमच्याच घरात पाहिलं आहे.

---

भूलतज्ज्ञ | १४ जून, दुपारी १.४०

शंभर टक्के. वयाची ढाल करून उपचार नाकारणं आणि वय, ताकद काही न बघता भडिमार करणं, दोन्हींत पेशंटकडे कुणी बघितलेलं नसतं.

---

अंजीरबाग | १५ जून, रात्री १२.२०

दोन दिवस नुसता वाचत होतो. आज लिहितोच. सासवडजवळ राहतो. आई ७२. अंडाशयाचा कॅन्सर, तीन वर्षं झाली. ऑपरेशन, तीन प्रकारच्या केमो झाल्या. आता पोटात पाणी भरतंय, दर दहा दिवसांनी काढावं लागतं. दिवसातला बराच वेळ पडून असते. डॉक्टरांनी आता इम्युनोथेरपी सुचवली आहे, एका डोसला दीड लाखाच्या वर. पॉलिसीत फार थोडे उरलेत. आत्या म्हणतात बाग गहाण टाका. पुण्याची बहीण म्हणते टाकू नका. बायको काही बोलत नाही, पण गेले सात महिने बिनपगारी रजेवर तीच आहे.

आईला कसं विचारू? तिच्यासमोर गेलं की जीभ उचलत नाही. तिला किती माहीत आहे तेही मला माहीत नाही. आम्ही 'पोटात गाठ होती, काढली' एवढंच म्हणतो.

---

भूलतज्ज्ञ | १५ जून, सकाळी ७.३०

आधी डॉक्टरांना विचारा, आणि नेमकं विचारा. आईच्या गाठीची तपासणी करून हे औषध तिला लागू पडेल असं निघालंय का? या अवस्थेतल्या किती जणांना उपयोग होतो? झाला तर किती महिने, आणि ते महिने घरी जातील की दवाखान्यात? हे औषध नाही दिलं तर पुढचे आठवडे कसे असतील, आणि तो त्रास कमी करायला कोण असेल? शेवटचा प्रश्न कुणीच विचारत नाही. अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ सालीच आपल्या डॉक्टरांना सांगितलं होतं की जो पेशंट बहुतेक वेळ अंथरुणात आहे, आधीच्या उपचारांना दाद मिळालेली नाही आणि नव्या औषधाचा भक्कम पुरावा नाही, त्याला कॅन्सरवरचं औषध देत राहू नका, त्रासावरचे उपचार द्या. तुमच्या आईला हे लागू आहे की नाही ते तिला तपासणारेच सांगतील. पण 'हा सल्ला इथे लागू पडतो का' असं थेट विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

आणि पुण्याचं वारजे तुमच्यापासून लांब नाही. तिथलं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७पासून आहे, पेशंटकडून पैसे घेत नाहीत. उपचार चालू असतानाही जाता येतं. बोलायचं कसं, हेही ती माणसं शिकवतात. मुंबईकर वाचत असतील तर वांद्र्याचं शांती आवेदना सदन, १९८६ सालचं, देशातलं पहिलं हॉस्पिस. गोव्यात लोटलीलाही त्यांचं केंद्र आहे.

---

रानजाई | १५ जून, सकाळी ९.१०

दादा, मला जे जमलं नाही ते सांगते. तुम्ही तिला काही सांगायला जाऊ नका, विचारायला जा. 'तुला काय वाटतंय तुझ्या तब्येतीचं?' एवढंच विचारा आणि गप्प बसा. पाय दाबत बसा, शेंगा सोलत बसा, म्हणजे तोंडाकडे बघावं लागत नाही. आमची आई नंतर म्हणाली की दादांना सगळं माहीत होतं. आम्हाला वाईट वाटू नये म्हणून ते 'छातीत पाणी' म्हणत राहिले.

आणि तुमच्या बायकोला इथून नमस्कार. सात महिन्यांचा तिचा पगार कुठल्याच फाईलमध्ये नसतो. माझ्याही हिशोबात वहिनीचे ते महिने आले नव्हते, तुमचं वाचून लक्षात आलं.

---

तालुकादप्तर | १५ जून, सकाळी ११.३०

पैशाबाबत थोडं. आईचं वय ७० पूर्ण आहे, म्हणजे उत्पन्नाची अट न लागता आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, ऑक्टोबर २०२४पासून. वर्षाला ५ लाखांपर्यंत, योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये, ठरलेल्या पॅकेजांपुरतं. महात्मा फुले योजनाही रेशनकार्डावर आहेच. धर्मादाय हॉस्पिटलांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा, बिल झाल्यावर नाही, दाखल करतानाच. अडवलं तर धर्मादाय सहआयुक्तांकडे अर्ज. रेल्वेत उपचारांसाठी जाणाऱ्या कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट फुकट मिळतं, सोबतच्याला ७५ टक्के सूट. पंचाहत्तरी पार केलेल्यांना एसटी फुकट आहेच.

पण घरी देखभालीला ठेवलेली बाई, डायपर, एअर मॅट्रेस, भाड्याचं ऑक्सिजन मशीन, यातलं काहीही यात बसत नाही. विमा तर २४ तास दाखल असल्याशिवाय बहुतेक वेळा बघतच नाही. मग लोक क्लेम मिळावा म्हणून पेशंटला दाखल करतात. घरी पाच हजारांत होणाऱ्या गोष्टीसाठी पन्नास हजार लागतात, आणि तेही शेवटी पेशंटच्याच विम्याच्या मर्यादेतून जातात. मी रोज हे कागद हाताळतो. याचा मला मनापासून राग येतो.

---

काळा_डगला | १५ जून, रात्री ८.४५

कायद्याचं लोक उलटसुलट बोलतात म्हणून लिहितो. शुद्धीवर असलेल्या, समजून निर्णय घेऊ शकणाऱ्या माणसाला कुठलाही उपचार नाकारता येतो. त्याला वैद्यकीय मंडळ लागत नाही, कोर्ट लागत नाही. अंजीरबाग, तुमची आई आज शुद्धीवर आहे, तिचा शब्द पुरेसा आहे.

शुद्ध हरपल्यावर काय, यासाठी वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे तेव्हा कुठले उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवणं. उपचार थांबवायचा विषय देशात पुढे आला तो अरुणा शानबाग यांच्या खटल्यात, २०११ साली. त्या मुंबईच्या केईएममध्ये ४२ वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. मार्च २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने अशा इच्छापत्राला मान्यता दिली, पण वाट इतकी अवघड की कुणी जाईना. जानेवारी २०२३मध्ये ती सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आपल्या वतीने कोण बोलेल त्याचं नाव त्यात घालायचं. पुढे उपचार थांबवायची वेळ आली तर हॉस्पिटलमधलं एक वैद्यकीय मंडळ आणि नंतर दुसरं, अशी दोघांची संमती लागते. पहिल्याने शक्यतो ४८ तासांत सांगावं असं न्यायालयाने म्हटलं आहे.

एक व्यवहाराची गोष्ट. घरी ठेवायचं ठरवलंत तर फॅमिली डॉक्टरांना आधीच कल्पना द्या, सगळे रिपोर्ट दाखवून ठेवा. घरी मृत्यू झाला की कारणाचा दाखला ज्यांनी शेवटी बघितलं ते डॉक्टर देतात. ओळखीचा डॉक्टर नसला की लोक दाखल्यासाठी पहाटे देह गाडीत घालून दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवतात.

---

परभणीकर | १५ जून, रात्री १०.३०

विनोबांची आठवण झाली. १९८२ला पवनारला त्यांनी अन्न आणि औषध दोन्ही थांबवलं. मोठमोठी माणसं समजावायला गेली. तेव्हा मी लहान होतो, आजोबा रेडिओ लावून बसायचे आणि म्हणायचे, त्यांना पुरे झालं कळलंय, आपल्याला कळत नाही.

डॉक्टरसाहेब, तुमचं ते तीन गोष्टींचं लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवलं चुलत्यांना. काही बोलले नाहीत. उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले.

---

अंजीरबाग | २२ जून, रात्री ९.५०

आठवडाभर लिहायला झालं नाही. परवा संध्याकाळी आईचे पाय दाबत बसलो आणि ताईंनी सांगितलं तसं विचारलं. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तुझे बाबा गेल्यावर बागेला पाणी कोणी दिलं? मीच ना. मग मला काय हे कळत नाही का, कुठलं झाड धरतं आणि कुठलं नाही?" मला रडू आवरलं नाही. तिनेच डोक्यावरून हात फिरवला.

मग एकेक सांगत गेली. बाग गहाण टाकायची नाही. सुई आणि ती खोली पुन्हा नको, पाणी काढायला लागेल तेवढंच. बहिणीला तिचे तोडे आत्ताच द्यायचे, नंतर नाही. सूनबाईला कामावर परत पाठवायचं. आणि रात्री पोटात मुरडा येतो तो सहन होत नाही, याचं काही असेल तर कर. हे शेवटचं तिने तीन महिने कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्ही आधीच एवढं करताय म्हणून.

काल वारज्याला जाऊन आलो. डॉक्टरबाई आईशी पाऊण तास बोलल्या, माझ्याशी नाही, आईशी. पाणी काढलं, मॉर्फिन सुरू केलं, सोबत रेचक. आमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांनाही भूलतज्ज्ञांचे प्रश्न जसेच्या तसे विचारले. तपासणीत ते औषध लागू पडेल असं काही निघालेलं नव्हतं. ते म्हणाले, तुम्ही काहीतरी करा म्हणाल असं वाटलं म्हणून सुचवलं. त्यांच्यावर राग नाही. मी खरंच तसं म्हणालो असतो.

आत्या चिडून गेल्यात. आईने फोन करून त्यांना अंजीर न्यायला बोलावलंय.

---

हडसनकाठ | २२ जून, रात्री ११.१५

तुमच्या बहिणीला तोडे घेताना आईजवळ बसू द्या. बाकी कोणी नको खोलीत.

---

अंजीरबाग | २५ जून, रात्री १०.०५

डॉक्टर, आत्ता ऑनलाईन असाल तर. वारज्याचा फोन लागत नाहीये. आईला दर चार तासांनी गोळी आहे. दुपारपासून मुरडा नाही, तीन दिवसांत पहिल्यांदा आठ वाजता झोपली. दहाची गोळी द्यायला उठवलं, पाणी पिऊन गोळी घेतली. पुढची दोन वाजता. दोनला पुन्हा उठवायचं का?

---

भूलतज्ज्ञ | २५ जून, रात्री १०.१२

शुद्धीत होती, नीट बोलली ना? श्वास सावकाश पण सरळ चाललाय ना? मग आज दोनचा गजर लावा, पण हलवून उठवू नका. जाग असली तर द्या, शांत झोपेत असली तर झोपू द्या. दुखलं तर ती स्वतः उठेल, तेव्हा द्या. बऱ्याच पेशंटना आम्ही झोपतानाची मात्रा वाढवून देतो म्हणजे मधली गोळी लागत नाही. पण ते तिच्या डॉक्टरांना सकाळी विचारूनच करायचं, आज स्वतःहून वाढवू नका. रेचक दिलंत का?

---

अंजीरबाग | २५ जून, रात्री १०.१५

दिलं. सरळ चाललाय. मी इथेच खाली अंथरूण टाकलंय.

---

अंजीरबाग | २६ जून, सकाळी ५.४०

दोनला नाही उठवलं. आत्ता उठली. चहा मागतेय.